काळजाचा तुकडा

बेकरीत तिला सगळे क्रीमताई म्हणायचे आणि घरी गोणी.

बेकरीतलं नाव कामावरून पडलं होतं. केकवर क्रीम चढवणं, फुलं काढणं, नावं लिहिणं हे तिचं काम. मागच्या बाजूला, भट्टीपासून लांब, एका गार खोलीत तिचं टेबल होतं. डाव्या हाताने तबकडी फिरवत आणि उजव्या हाताने क्रीमचा कोन दाबत ती दिवसभर उभी असायची. नाव लांबलचक असलं की नवख्या माणसाची शेवटची अक्षरं केकच्या काठावरून खाली घसरतात. तिची कधी घसरली नाहीत. चिठ्ठीवरचं नाव एकदा ओठांतल्या ओठांत म्हणायची, हात टेकवायची आणि लिहून मोकळी व्हायची.

घरातलं नाव दादाने पाडलं होतं. दोघं लहान असताना एकदा किराणा दुकानात मैद्याच्या गोणीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आई, ही बघ हिची जुळी बहीण." दुकानदार हसला, गिऱ्हाईकं हसली, आणि आई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दादाच्या बोलण्यावर आई नेहमी अशीच हसायची. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे वहिनी घरात आली, तिनेही ते पहिल्याच आठवड्यात उचललं.

आता ती चाळिशीला टेकली होती. लग्न झालं नव्हतं. बघायला आलेल्यांपैकी एकजण जाताना "मुलगी दारातून आत येईल अशी हवी होती" असं म्हणाल्याचं दादा पाहुण्यांना अगदी आवाज काढून सांगायचा. ती पाहुण्यांपुढे बिस्किटं ठेवत असायची आणि तीही हसायची. न हसून करणार काय?

दादा फर्निचरच्या दुकानात विक्रेता होता. जिभेवर साखर पेरलेली. स्टूल घ्यायला आलेलं माणूस पलंग घेऊन जायचं. संध्याकाळी काम सुटलं की तो प्यायचा, मग काही वर्षांनी काम सुटायच्या आधी प्यायला लागला, आणि मग कामावर जायच्या आधी. आई म्हणायची, दिवसभर बडबड करून दमतो बिचारा. वहिनी एका शाळेच्या ऑफिसात होती. ती भांडायची, माहेरी जायची, परत यायची. एक दिवस दादाचे डोळे पिवळे झाले. मग पाय सुजले, पोट पुढे आलं, आणि आयुष्यभर बहिणीच्या पोटावर विनोद करणारा माणूस स्वतःच्या पोटावर हात ठेवून खाटेवर पडला.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. लिव्हर कामातून गेलं आहे. घरातल्या कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा काढून याला लावता येईल. देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा वाढतं. फक्त दारूचा एक थेंबही याच्या पोटात जाता कामा नये. गेला तर ऑपरेशन विसरा.

"म्हणजे काळजाचा तुकडाच की हो," आई म्हणाली.

दादाला ती त्याच्या जन्मापासून काळजाचा तुकडा म्हणत आली होती. आता तो तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी पोटातून काढायचा होता, एवढंच.

आईचं वय आड आलं. वहिनीचा रक्तगट जुळला नाही. राहिली ती. तिचं रक्त जुळलं, आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. देशील का, असं तिला कुणीही विचारलं नाही. विचारलं ते एकट्या डॉक्टरीणबाईंनी, आणि तेही सगळ्यांना बाहेर काढून.

"तुमच्यावर कुणी दबाव टाकतंय का? नाही म्हणायचं असेल तर इथेच म्हणा. बाहेर मी काहीतरी वैद्यकीय कारण सांगेन. कुणाला कळणार नाही."

तिने खूप वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या लिव्हरकडे पाहिलं. तपकिरी, गुळगुळीत, चॉकलेटचा थर दिल्यासारखं दिसत होतं ते. तिच्या मनात आलं, नाही म्हटलं तर मी घरातली गोणीच राहीन. हो म्हटलं तर निदान काही दिवस तरी घर माझ्या तोंडाकडे बघेल.

"नाही," ती म्हणाली. "कुणाचा दबाव नाही. मला द्यायचंय."

"मग एक अडचण आहे. तुमच्या लिव्हरवर चरबी आहे. असं लिव्हर आम्ही कापत नाही. तुम्हाला वजन उतरवावं लागेल, आणि पटापट."

घरी आल्यावर दादा खाटेवरून हसला. पिवळ्या चेहऱ्यावर ते हसू वेगळंच दिसत होतं. "एवढी वर्षं दोघांचं खाल्लंस, गोणे. आता थोडे दिवस माझ्यासाठी थांब."

घर खरंच तिच्या तोंडाकडे बघायला लागलं.

वहिनीने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. हॉस्पिटलातून मिळालेला आहाराचा कागद भिंतीवर लावला आणि सामानाच्या कपाटाला कुलूप घातलं. साखर, लोणी, पाव, बटाटे सगळं आत. बाहेर राहिली काकडी, कोबी, उकडलेला भोपळा, अंड्याचा पांढरा भाग. पिवळा बलक वहिनी चमच्याने काढून वेगळा करायची आणि दादाच्या ताटलीत टाकायची. त्याला तो जायचा नाही. जेवण झालं की बलक तसाच ताटलीच्या कडेला सुकून राहायचा, आणि वहिनी तो केराच्या डब्यात टाकेपर्यंत हिचे डोळे त्यावरून हलायचे नाहीत.

ती जेवायला बसली की आई समोर येऊन बसायची. बोलायची काही नाही. घास तोंडात गेला, चावला गेला, गिळला गेला, एवढं बघायची. कधी ती पाण्याला उठली तरी आईची मान तिच्याबरोबर फिरायची.

सकाळी कामावर जायच्या आधी व्यायामशाळा. तिथला मास्तर तरुण होता, दंडावर नसा उठलेल्या. वहिनीने त्याला सगळी हकीकत सांगून ठेवली होती, त्यामुळे त्याला जोर चढला होता. ती ट्रेडमिलवर धापा टाकत असली की तो शेजारी उभा राहून टाळ्या वाजवायचा.

"चला ताई, चला! भावाचा जीव तुमच्या मांड्यांवर बसलाय. उतरवा त्याला खाली!"

आजूबाजूचे लोक थांबून बघायचे. कुणाकुणाच्या डोळ्यांत कौतुक असायचं. तिच्या गुडघ्यांत सुया टोचायच्या, छातीचा भाता व्हायचा, आणि घामाचे थेंब पट्ट्यावर पडून मागे जायचे.

भूक म्हणजे पोटात कावळे ओरडणं, असं तिला आजवर वाटत होतं. ते कावळे पहिल्या आठवड्यातच गप्प झाले. नंतर जी आली ती पोटात नव्हतीच. ती हातांत होती, दातांत होती, कानांच्या मागे होती. बसमध्ये कुणी पिशवीतून केळं काढलं की सालीचा आवाज तिला पार दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा. कुणी बोलत असलं तर त्याचं बोलणं सोडून तिचं लक्ष त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात राहिलेल्या कणाकडे जायचं. झोपेतून उठताना ती काहीतरी चावत असायची आणि जाग आली की दात दुखत असायचे. जेवण संपायचं, तेव्हाच भूक खरी सुरू व्हायची. घासभर अन्नाने ती शांत होत नव्हती, नुसती जागी होत होती.

आणि काम कुठे? तर बेकरीत. पहाटेची पावाची पहिली खेप बाहेर आली की भट्टीवाला म्हातारा ओरडायचा, "गरम! सरका!" तो वास भिंतीतून आत यायचा. तिच्या हातात तर दिवसभर लोणी आणि साखरच. पूर्वी क्रीम जमलंय का बघायला ती करंगळीचं टोक जिभेला लावायची. आता ती भट्टीवाल्याला हाक मारायची. म्हातारा चव घेऊन मान डोलवायचा आणि तिच्याकडे न बघता निघून जायचा. पोटाला चिमटा काढून काम करणं म्हणजे काय असतं, ते त्याला ठाऊक असावं.

दादा रोज सकाळी विचारायचा, "किती?" घरातला वजनकाटा त्याच्या खाटेजवळ आणून ठेवला होता. ती त्यावर उभी राहायची, वहिनी वाकून आकडा वाचायची, मोठ्याने. आकडा उतरला असला तर दादा म्हणायचा, "शाब्बास." तेवढाच असला तर तो तोंड भिंतीकडे करायचा, आणि मग दिवसभर घरात कुणी तिच्याशी बोलायचं नाही.

पण वजन उतरत होतं. कपडे लोंबायला लागले. गळ्याची हाडं दिसायला लागली. काउंटरवर येणारी गिऱ्हाईकं थांबून म्हणायची, "अय्या, ओळखलंच नाही! काय करताय हो? आम्हालाही सांगा ना." काय सांगणार? भाऊ मरायला टेकलाय, तुम्हीही एखादा बघा, असं? ती हसून खोका पुढे सरकवायची. केस मात्र मुठीने गळत होते. टोपीखाली ते कुणाला दिसत नव्हतं.

मग तो निळा केक आला.

कुणीतरी मुलाच्या वाढदिवसासाठी समुद्र काढून मागितला होता. लाटा, होडी, मासे. तिने सकाळभर खपून तो केला. दुपारी फोन आला, मुलाला ताप आलाय, केक नको. मालक वैतागून म्हणाला, "ठेवा मागे. संध्याकाळी तुकडे करून विकू." तिने तो उचलून मागच्या सामानाच्या खोलीत नेला. दार लोटलं. मैद्याच्या पोत्यांमध्ये खाली बसली.

सुरुवातीला तिने फक्त बोट लावलं, लाटेच्या टोकाला. त्यानंतर तिला आठवतं ते इतकंच की चमचा शोधायला ती उठली नाही. दोन्ही हातांनी खाल्लं. होडी गेली, मासे गेले, खालचा मऊ थर मुठीत येत गेला. गिळताना घशातून आवाज निघत होता आणि तो आपला आहे हे तिला उशिरा कळलं. भट्टीवाल्याने दार उघडलं, पाहिलं, आणि पुन्हा अलगद लावून घेतलं. थोड्या वेळाने त्याने दाराच्या फटीतून ओलं फडकं आत सरकवलं. बाहेर मालक केकचं विचारायला लागला तेव्हा म्हातारा म्हणाला, "माझ्या हातून पडला, शेठ."

तिने हात धुतले, तोंड धुतलं, नखं घासली. घरी गेली. दादा उशांना टेकून बसला होता.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"काम होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. दुकानात गिऱ्हाईक आत आल्याबरोबर त्याच्या खिशाचा अंदाज घेणारे डोळे होते ते. आजारात सगळं गेलं तरी ते तसेच होते.

"जीभ दाखव."

"काय?"

"जीभ. बाहेर काढ."

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. आई दारात उभी राहिली. ती, चाळीस वर्षांची बाई, खाटेपुढे उभी राहिली आणि तिने जीभ बाहेर काढली. शाई प्यायल्यासारखी निळी होती ती.

दादा ओरडला नाही. हसला. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. "बघा," तो बायकोला आणि आईला म्हणाला, "मी कुठल्या रंगापायी मरणार, ते बघून घ्या." आणि मग हसू थांबवून बहिणीला म्हणाला, "तुला एवढंच काम दिलं होतं. न खाण्याचं. बाकी सगळं आम्ही करत होतो."

आईने पुढे होऊन तिच्या थोबाडीत मारली. म्हातारा हात, जोर फारसा नव्हता. गाल दुखला नाही. पण जीभ अजून बाहेरच होती, ती दातांत सापडली.

दुसऱ्या दिवशी आई बेकरीत गेली. मालकाला काउंटरवर, गिऱ्हाईकांसमोर सगळं सांगितलं आणि हात जोडले. "तिला क्रीमपासून लांब ठेवा. तिच्या जिभेला लगाम नाही. माझं पोर जाईल."

मालक काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. केक कुणाच्या हातून पडला तेही त्याला कळलं, पण त्याने विषय काढला नाही. त्याने तिला त्याच दिवशी गार खोलीतून उठवून पुढे खोके दुमडायला बसवलं. तिच्या टेबलावर काउंटरवरच्या एका मुलीला उभं केलं. पहिल्याच केकवर त्या मुलीची शेवटची दोन अक्षरं काठावरून घसरली. गिऱ्हाईकाने तसाच नेला. कुणाचं काही अडलं नाही.

त्यानंतर तिने एक घासही जास्तीचा घेतला नाही. खरं तर तिने आणखी कमी केलं. भोपळ्याची अर्धी वाटी ती न सांगता परत ठेवायची, आणि वहिनी तिच्याकडे पहिल्यांदाच बरोबरीच्या माणसासारखं बघायची. एकदा ट्रेडमिलवर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पट्ट्याने तिला मागे फेकलं, हनुवटी फुटली. मास्तर घाबरून पाणी घेऊन धावला. त्यात त्याने साखर घातली होती. एक घोट घेतल्यावर तिला ते कळलं आणि तिने तो घोट फरशीवर थुंकला.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासणीचे फोटो उजेडात धरले आणि त्यांचा चेहरा खुलला. "स्वच्छ आहे. मला वाटलं नव्हतं जमेल. पुढच्याच आठवड्यात करून टाकू."

त्या संध्याकाळी दादाने तिला जवळ बोलावलं. तिचा हात हातात घेतला. त्याच्या बोटांची कातडी कोरडी, कागदासारखी झाली होती. तो गोणी म्हणाला नाही. तिचं खरं नाव घेऊन म्हणाला, "तू माझ्यासाठी हे केलंस. तुझ्या जागी मी असतो ना, तर केलं नसतं." आणि रडला. ती आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात कुणाच्या तरी शेजारी बसून होती आणि कुणीही तिच्या शरीराविषयी बोलत नव्हतं. त्या रात्रीही तिला भूक होती. पण तिला ती आवडली.

ऑपरेशनच्या आधी दोघांचं रक्त पुन्हा तपासलं. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"यांच्या रक्तात दारू आहे," त्या म्हणाल्या. "एखाद्या दिवसाची नाही. गेले कित्येक आठवडे चालू आहे. मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं."

वहिनी दादाकडे वळली. दादा चाकांच्या खुर्चीत खाली बघत बसला होता. "कुठून मिळाली तुला? घरातून तू हलत नाहीस. कोणी दिली?"

 मग आईने पदराने नाक पुसलं.

"थोडीशीच देत होते. औषधाच्या झाकणाने. रात्री तडफडायचा गं तो. माझ्याने बघवत नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. वहिनी भिंतीला टेकली. बहीण मात्र आईकडेच बघत होती. हनुवटीवरची खपली ताणली गेली होती.

"आणि माझं बघवत होतं?" तिने विचारलं.

"तुझं वेगळं," आई म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. "तू धडधाकट आहेस."

ऑपरेशन रद्द झालं. आता काही महिने तो पूर्ण कोरडा राहिला, आणि तोवर टिकला, तर हॉस्पिटलचं मंडळ पुन्हा विचार करेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो टिकणार नाही हे त्यांच्या आवाजातच होतं. जाता जाता त्या तिला म्हणाल्या, "वजन मात्र वाढू देऊ नका. वेळ आलीच तर तयारी हवी."

म्हणून ती तशीच राहिली. काकडी, कोबी, पांढरं अंडं, सकाळी पट्ट्यावर धावणं. ज्या दाराला बाहेरून कडी लागली होती, त्याच्यापुढे उभं राहून तिने स्वतःला उपाशी ठेवलं. आता तिच्यासमोर जेवताना कुणी बसत नव्हतं. वहिनीने कपाटाचं कुलूपही काढून टाकलं होतं, कारण वहिनीचा सगळ्यावरचाच जीव उडाला होता. पाव उघड्यावर होता, लोणी उघड्यावर होतं. तिने हात लावला नाही. कुलूप असताना निदान चिडता तरी यायचं.

दादाला शेवटी हॉस्पिटलात ठेवलं. आई आणि वहिनी घरी विसावायला गेल्या की दुपारी ती बसायची. तो बहुतेक वेळ गुंगीत असायचा. एका दुपारी त्याने डोळे उघडले आणि त्याचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर होतं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"काही नाही."

"म्हणजे संपलं." तो छताकडे बघत होता. "मग तू अजून कशाला उपाशी मरतेस? खा की."

शेजारच्या टेबलावर हॉस्पिटलने दिलेला त्याचा ट्रे तसाच होता. मऊ पाव, लोण्याची वडी, एक उकडलेला बटाटा. त्याला अन्नाचा वासही सहन होत नव्हता.

"खा," तो म्हणाला. "माझ्यासमोर खा. मला बघायचंय."

तिने पाव तोडला. लोणी लावलं.  पहिला घास तोंडात गेला आणि जबडा असा दुखला की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो डोळे न हलवता बघत होता.

"कसं लागतं?"

"चांगलं."

"नीट सांग. मला काही म्हणजे काहीच खावंसं वाटत नाही गं. पाणीसुद्धा मातीसारखं लागतं. भूक कशी असते तेच विसरलोय."

तिला त्या क्षणी त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. तिला वाटलं, बरं झालं. तिने दुसरा घास घेतला, मोठा, आणि त्याच्याकडे बघत सावकाश चावला. मग बटाटा घेतला. त्यावर लोणी वितळवलं, मीठ टाकलं, आणि एकेक घास कसा लागतो ते त्याला सांगत गेली. सालीचा चिवटपणा, आतला पिठूळपणा, मिठाचा कण दाताखाली येतो तेव्हा काय होतं. तो ऐकत राहिला. गिळल्यासारखा त्याचा गळा हलत होता, पण गिळायला काही नव्हतं. त्याच्या डोळ्यांत असूया होती. निव्वळ, लहान मुलासारखी. ताट पुसून होईपर्यंत तिने एकदाही मान वळवली नाही.

त्याच आठवड्यात तो गेला.

घर माणसांनी भरलं. शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी पातेली भरून अन्न आणलं. लांबून आलेल्या मावशीने तिला मिठी मारली, दूर धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रडक्या आवाजातच म्हणाली, "किती छान बारीक झालीस गं! या दुःखात म्हणू नये, पण चेहराच बदलला तुझा." मग मावशी आईशेजारी जाऊन बसली. काय झालं, कसं झालं, विचारू लागली.

"मिळत होतं गं सगळं," आई हुंदके देत सांगत होती. "रक्त जुळलं, डॉक्टर तयार. पण हिला वजन उतरवायला वेळ लागला. मध्येच एक दिवस केक खाल्ला अख्खा. तिथेच सगळं लांबलं."

आजूबाजूच्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं. ती ताटल्या वाटत होती. वहिनी कोपऱ्यात होती. तिला सगळं माहीत होतं. तिने खाली मान घातली.

"आई त्याला दारू पाजत होती," ताटल्या हातात धरूनच ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "डॉक्टरांनी त्यासाठी नाही म्हटलं. माझं लिव्हर तयार होतं."

 मग मावशी म्हणाली, "अगं, ही काय वेळ आहे का बोलायची? आईच्या काळजाचा तुकडा गेलाय." आणि बायका पुन्हा आईकडे वळल्या. तिच्या हातातल्या ताटल्या एकीने काढून घेतल्या.

पुढे नात्यात सगळीकडे आईचीच हकीकत पसरली. ती सोपी होती, आणि सांगायला बरी होती. वहिनी माहेरी गेली ती परतली नाही. बेकरीच्या मालकाने क्रीमताईला गार खोलीत परत घेतलं असतं, पण काउंटरवरची ती मुलगी आता तिथे रुळली होती. हिने गावाच्या दुसऱ्या टोकाला एका छोट्या बेकरीत काम धरलं आणि जवळच, इस्त्रीच्या दुकानावर, एक खोली घेतली. एक शेगडी, एक पातेलं, एक ताट. ती खायला लागली. बटाटे, पाव, बलकासकट अंडी. अंग परत भरलं, केस परत आले. भूक मात्र पूर्वीसारखी झाली नाही. पोट तुडुंब असलं तरी कुठेतरी, कानांच्या मागे, ती जागीच असायची.

एका रविवारी आई जिना चढून आली. धाप लागली होती. तिने खोलीभर नजर फिरवली, खिडकी, शेगडी, आणि मग मुलीचं पुन्हा भरलेलं अंग.

"झालीस परत तशीच," ती म्हणाली. मग, "घरी चल. मोठं घर खायला उठतं मला. एकटीने राहवत नाही."

"नाही येणार."

"इथे काय आहे तुझं? कोण आहे? दिवसभर काम, आणि संध्याकाळी एकटी काय करतेस तू इथे?"

शेगडीवर बटाटे शिजत आले होते. तिने झाकण काढलं, सुरी टोचून पाहिली.

"जेवते," ती म्हणाली.

आई थोडा वेळ उभी राहिली, बस म्हणेल म्हणून. मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली. वर तिने गॅस बंद केला, बटाटे ताटात काढले आणि गरम असतानाच सोलायला घेतले.